जेट काढून पंखा: १८ फुटी फायबर होडीला गाडीचं डिझेल इंजिन कसं बसवावं

सिंधुदुर्गातल्या कर्ली खाडीत ओहोटीला माझी जेटची होडी (तळातून पाणी ओढून ते पंपाने जोरात मागे फेकत चालणारी) तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा तळाच्या जाळीतून हात घालून जे उपसलं ते असं: नायलॉन जाळ्याचा हातभर तुकडा, दुधाची एक पिशवी आणि मूठभर शेवाळ. पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतलं फिरतं चक्र, कडेने झिजलेला होता, अॅल्युमिनियमच्या घरावर खाऱ्या पाण्याने खड्डे पाडले होते, आणि पेट्रोल इंजिन तासाला जे तेल पीत होतं त्यात गावातली साधी होडी दिवसभर फिरून आली असती. त्या हंगामात जेट काढून पंखा (प्रोपेलर) बसवायचं ठरवलं. काम संपायला पाच महिने लागले. त्यातले पहिले दोन चुकीच्या क्रमाने काम केल्यामुळे फुकट गेले. म्हणून इथे क्रम सांगतोय तो मी केला तसा नाही, करायला हवा होता तसा.

जेट ही वाईट वस्तू मुळीच नाही. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टननी १९५० च्या दशकात ती विकसित केली ती तिथल्या उथळ, दगडगोट्यांच्या, वेगाने वाहणाऱ्या नद्यांसाठी. १९६० मध्ये त्यांच्या बोटी कोलोरॅडो नदीतून ग्रँड कॅनियन उलट्या प्रवाहाने चढून गेल्या. स्वच्छ पाणी, वीतभर खोली आणि भरपूर वेग असेल तर जेटसारखं काही नाही. पण आपल्या खाडीत पाणी गढूळ, त्यात प्लास्टिक आणि जाळ्यांचे तुकडे, आणि बहुतेक वेळ आपण चालतो ते मध्यम वेगाने. त्या वेगाला जेटची कार्यक्षमता पंख्याच्या खूप खाली असते.

आधी ठरवा: करायचं का, आणि कोणत्या पद्धतीने

जेटच्या होडीचा तळ जेटसाठीच बांधलेला असतो. मागच्या भागात मधोमध सपाट पट्टा, त्यात पाणी ओढायचं तोंड, मागच्या फळीला नोझलचं, म्हणजे पाणी मागे फेकणाऱ्या तोंडाचं, भोक. कणा (तळाच्या मधोमध उभी पट्टी) नाही, सुकाणू नाही. इंजिन अगदी मागे, पंपाला थेट जोडलेलं, मध्ये गिअरबॉक्स नाही. पंप काढला की यातली एकेक गोष्ट तुमच्याकडे उत्तर मागते.

चार वाटा आहेत. मागच्या फळीवर आउटबोर्ड, म्हणजे पंख्यासकट बाहेर लटकणारं इंजिन, लावणं सगळ्यात सोपं, पण ती फळी तेवढ्या वजनासाठी आणि जोरासाठी बांधलेली नसते, आणि आपला विषय गाडीच्या इंजिनाचा आहे. दुसरी स्टर्नड्राइव्ह: इंजिन आत मागेच राहतं आणि पंख्याचा पाय फळीबाहेर येतो, होडीचा तोल बिघडत नाही, म्हणून कागदावर हीच सगळ्यात योग्य. पण तिचा अॅल्युमिनियमचा पाय कायम खाऱ्या पाण्यात राहिला तर फार काळजी मागतो, आणि सुटे भाग महाग. तिसरी व्ही-ड्राइव्ह: इंजिन उलटं तोंड करून मागेच बसतं आणि शाफ्ट, म्हणजे पंख्याचा दांडा, त्याच्याच पोटाखालून मागे जातो. जेटच्या होड्यांना ही पद्धत छान बसते, पण तिची गिअरची पेटी मिळवणं आणि पुढे दुरुस्त करणं आपल्याकडे जड जातं. चौथी सरळ शाफ्टची, आपल्या मच्छीमार होड्यांत असते तीच. यातला प्रत्येक भाग तालुक्याच्या लेथवर बनतो आणि बंदरातला कुठलाही मिस्त्री तो डोळे मिटून खोलतो. मी चौथी घेतली. पुढचं सगळं त्याच पद्धतीबद्दल आहे.

काय गमावणार तेही आधीच ऐका. गुडघाभर पाण्यात जाणारी होडी आता मांडीभर पाणी मागेल. वाळूवर धडकून थांबायची सवय सोडावी लागेल. आणि पाण्यात पोहणारी माणसं असतील तिथे उघडा पंखा म्हणजे फिरता कोयता. पर्यटकांना पाण्यात उतरवायचा धंदा असेल तर हे रूपांतर करू नका.

होडी नोंदणीकृत असेल तर कापाकापीला हात लावण्यापूर्वी सर्वेक्षकाला भेटा. खाडी आणि नद्यांतल्या यांत्रिक नौकांना आता २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागू आहे, आणि महाराष्ट्रात हे काम मेरीटाइम बोर्डाकडे येतं. इंजिन आणि चालवायची पद्धत दोन्ही बदलल्यावर जुनं प्रमाणपत्र तसंच चालेल असं धरून चालू नका. काय बघणार हे आधी विचारलं की काम त्याप्रमाणे करता येतं.

वाळूच्या गोण्यांची चाचणी

माझे दोन महिने गेले ते इथे. मी आधी इंजिनाचं फाउंडेशन बांधलं आणि मग होडी पाण्यात टाकली. नाळ (होडीचं पुढचं टोक) खाली, पिछाडी वर. फाउंडेशन तोडावं लागलं.

कारण सोपं आहे आणि आकड्यांत मांडता येतं. सरळ शाफ्टला कोन लागतो, आणि कोन कमी ठेवायचा तर इंजिन पुढे जातं. माझा पंखा १४ इंची. त्याची त्रिज्या ७ इंच, पात्याचं टोक आणि तळ यांच्यात किमान व्यासाच्या १५ टक्के, म्हणजे दोन इंच मोकळी जागा. म्हणजे शाफ्टचा मध्य तळाच्या खाली ९ इंच, २३ सेंटिमीटर. आत गिअरबॉक्सच्या कपलिंगचा (शाफ्ट जोडायच्या चकतीचा) मध्य तळाच्या वर १४ सेंटिमीटर. एकूण उतार ३७ सेंटिमीटर. शाफ्ट १० अंशांत ठेवला तर कपलिंगपासून पंख्यापर्यंत २.१ मीटर लागतात, १२ अंशांत १.७५ मीटर. पंख्यामागे सुकाणूसाठी ४० सेंटिमीटर सोडा. १२ अंश धरूनही इंजिनाचा मध्य जुन्या जागेपेक्षा दीड मीटर पुढे सरकला.

इंजिन आणि गिअरबॉक्स वजनकाट्यावर ३४० किलो भरले. ३४० गुणिले दीड म्हणजे ५१०. माणसांसकट होडीचं वजन १५०० किलो धरलं तर सगळ्या होडीचा गुरुत्वमध्य ३४ सेंटिमीटर पुढे गेला. अठरा फुटी होडीत हे फार मोठं अंतर आहे. नाळ जड झालेली सपाट तळाची होडी मागून लाट आली की नाळेवरच वळते आणि आडवी होते. खाडीच्या तोंडावर, भरती-ओहोटीच्या उसळीत, हे जिवावर बेतणारं आहे.

म्हणून सगळ्यात आधी हे करा. जेट आणि जुनं इंजिन काढण्यापूर्वी होडी शांत पाण्यात ठेवून चारही बाजूंना पाण्याच्या रेषेवर रंगाची खूण करा. मग सगळं काढा, पंपाच्या तोंडावर आणि नोझलच्या भोकावर तात्पुरती प्लायची झाकणं रबर घालून बोल्टने आवळा, आणि वाळूच्या गोण्या मोजून घ्या. इंजिन जिथे येणार तिथे त्याच्या वजनाच्या, टाकीच्या जागी टाकीच्या, बॅटरीच्या जागी बॅटरीच्या. होडी पुन्हा पाण्यात ठेवून खुणा बघा. गोण्या मागेपुढे सरकवत राहा. माझ्या बाबतीत डिझेलची टाकी आणि दोन्ही बॅटऱ्या थेट मागच्या फळीला चिकटवल्या, पुढचा नांगराचा कप्पा रिकामा केला आणि चालकाची जागा ६० सेंटिमीटर मागे घेतली. तेव्हा नाळ जुन्या खुणेच्या दोन बोटं खाली येऊन थांबली. तेवढं चालतं. गोण्यांनी जमत नसेल तर आउटपुट खाली झुकलेला गिअरबॉक्स शोधा, त्याने इंजिन थोडं मागे राहतं. तेही नसेल तर सरळ शाफ्ट सोडा आणि व्ही-ड्राइव्हचा विचार करा.

इंजिन कोणतं

पेट्रोल नको. जेटच्या होडीत पेट्रोल इंजिनच होतं, मग आता का नको, असा प्रश्न मला दहा जणांनी विचारला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती होडीच्या तळात उतरून तशीच बसून राहते. बोटीसाठी बनवलेल्या पेट्रोल इंजिनाचा स्टार्टर, आल्टरनेटर आणि इग्निशन ठिणगी बाहेर पडू नये अशा बंदिस्तीत असतात, कार्बोरेटर उतू गेलं तर पेट्रोल परत त्याच्याच घशात जातं, हवेच्या तोंडाला ज्वाळा अडवणारी जाळी असते. गाडीच्या इंजिनात यातलं काहीही नसतं, कारण गाडीच्या बॉनेटखाली वारा खेळतो आणि सांडलेलं पेट्रोल रस्त्यावर पडतं. गाडीचं पेट्रोल इंजिन तसंच उचलून बंद होडीत ठेवणं म्हणजे खोलीत गॅस सोडून काडी ओढणं. जुनंच बोटीचं पेट्रोल इंजिन ठेवत असाल तर सुरू करण्यापूर्वी किमान चार मिनिटं तळातली हवा ओढणारा पंखा चालवा आणि एकदा नाकाने वास घ्या.

डिझेलमध्ये जुनं, यांत्रिक इंजेक्शन पंपाचं इंजिन घ्या. महिंद्राचं एमडीआय अडीच लिटरचं, जुन्या जीपमधलं प्यूजोचं एक्सडी३पी, टाटाची ४०७ आणि २०७ मधली इंजिनं, ही सगळी आपल्याकडे भंगारात आणि गॅरेजात मिळतात आणि त्यांचे भाग गावोगाव आहेत. कॉमन रेल, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या इंजेक्शनचं नवं इंजिन, घेऊ नका. त्याचा संगणक खाऱ्या दमट हवेत टिकवणं, चावीचं इमोबिलायझर फसवणं, गाडीचे सगळे सेन्सर खोटे भरून देणं, यात पैसे आणि मन:शांती दोन्ही जातात.

ताकदीचा हिशेब करताना कंपनीचा आकडा पूर्ण धरू नका. गाडी सपाट रस्त्यावर इंजिनाची थोडीच ताकद वापरते, उतारावर तर इंजिन विसावा घेतं. होडीला उतार नसतो. भरलेली गाडी कशेडी घाट चढतेय आणि घाट संपतच नाही, असं समजा. म्हणून गाडीच्या ६० हॉर्सपॉवरच्या इंजिनातून सतत चालायला ३५ ते ४० च घ्यायचे, बाकीचे राखीव.

इंजिन घेतल्यावर उघडून बघाच. रिंगा, बेअरिंग, हेड गॅस्केट नवे. ब्लॉकच्या कडेला पाण्याच्या वाटेवर पत्र्याची गोल झाकणं ठोकलेली असतात, ती पितळेची करून घ्या. ब्रेकसाठीचा व्हॅक्यूम पंप बहुधा आल्टरनेटरच्या पाठीवरच असतो आणि त्याला इंजिनाचं तेल जातं. तो काढला तर तेलाची वाट पक्की बंद करा, नाहीतर पहिल्याच तासाला सगळं तेल तळात. इंजिन १२ अंश मागे झुकून बसणार आहे, तेव्हा चेंबरमध्ये तेल कुठे साचतं आणि तेलपंपाची चाळणी त्यात बुडते का, हे इंजिन जमिनीवर तसंच तिरकं ठेवून तपासा. तिरकं असतानाच मोजून तेल भरा आणि डिपस्टिकवर नवी खूण करा.

गाडीचा गिअरबॉक्स मात्र गाडीबरोबरच राहू द्या. पंखा पाणी मागे ढकलतो तेव्हा तेवढ्याच जोराने तो शाफ्टला पुढे रेटतो. जेटमध्ये हा रेटा पंपाचंच बेअरिंग घेत होतं आणि तिथूनच तो होडीला मिळत होता, इंजिनाच्या पायांना त्याची कल्पनाही नव्हती. आता तो रेटा गिअरबॉक्समधून इंजिनाच्या पायांवर येणार. गाडीच्या गिअरबॉक्सला तो सोसत नाही, आणि त्याचा रिव्हर्स तर चार मिनिटं गाडी मागे घेण्यापुरताच असतो. मरीन गिअरबॉक्स घ्या, थ्रस्ट बेअरिंगसकट. फ्लायव्हील आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये धक्के खाणारी डॅम्पर प्लेट हवीच. जोडणारी प्लेट टर्नरकडून १५ मिलिमीटरच्या पोलादी पत्र्यातून बनवून घ्या आणि बसवताना डायल गेज लावून दोन्ही मध्य एका रेषेत आहेत याची खात्री करा. इथला फरक नंतर कुठल्याही पॅकिंगने भरून निघत नाही.

तळाचं भोक बुजवणं

हे काम नोव्हेंबर ते मार्चमध्ये करा. पावसाळी हवेत फायबरचे थर जोडणारं रेझिन नीट पकडत नाही आणि वर्षभराने थर सुटतात.

पंप काढल्यावर तळाला साधारण दोन वीत लांब आणि एक वीत रुंद तोंड राहतं. त्यावर नुसता फायबरचा तुकडा चिकटवला तर तो झाकण होतो, तळ होत नाही. भोकाच्या कडा ग्राइंडरने अशा उतरत्या करा की जाडीच्या बारापट अंतरात पूर्ण जाडी शून्यावर येईल. तळ ८ मिलिमीटर जाड असेल तर चारही बाजूंनी जवळपास १० सेंटिमीटर उतार. बाहेरूनही करा, आतूनही. बघायला भयंकर दिसतं, भोक दुप्पट मोठं वाटतं, पण जुन्या आणि नव्या थरांना एकमेकांवर चढायला हीच जागा लागते. जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर), रंग, तेलाचा मागमूस, सगळं घासून पांढरा कोरडा फायबर दिसेपर्यंत खाली जा. पंपाजवळचा भाग वर्षानुवर्षं तेलकट पाण्यात असतो. तो आधी अॅसिटोनने पुसा, मग घासा. उलट क्रमाने केलं तर घासताना तेल आणखी आत जातं.

मग बाहेरून साचा. गुळगुळीत सनमायकाचा तुकडा भोकापेक्षा हातभर मोठा कापा, त्याला मेणाचे तीन हात द्या, आणि तळाच्या रेषेत खालून लाकडी ठोकळ्यांनी घट्ट दाबून ठेवा. तळाची रेषा पट्टी लावून तपासा. पंख्यापुढचा तळ किंचित जरी आत वाकला तरी वेगात होडीची नाळ खाली दाबली जाते आणि पंख्याकडे बुडबुडे जातात. आता आतून जेलकोट, त्यावर ४५० ग्रॅमची मॅट (सुट्या धाग्यांची फायबरची चटई), मग रोव्हिंग (फायबरचं विणलेलं जाड कापड), पुन्हा मॅट, असे थर. प्रत्येक थर लोखंडी रोलरने दाबून हवा बाहेर काढा. एका बैठकीत तीन-चार थरांपेक्षा जास्त नको, आतून तापून रेझिन पिवळं पडतं आणि तडकतं. जुन्या फायबरवर पकड चांगली हवी तर पहिले थर व्हिनाइल एस्टर किंवा इपॉक्सीचे करा. साध्या पॉलिस्टरपेक्षा फरक पडतो, हे माझं अनुभवाचं मत.

एक गोष्ट प्रत्येक मदतनिसाला सांगा, रोज सांगा. रेझिन घट्ट करायला लागणारे कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग वेगळ्या भांड्यातून हार्डनर. दोन्ही सरळ एकत्र आले तर भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. दोन बाटल्या एकाच पेटीत ठेवू नका.

मागच्या फळीचं नोझलचं भोक आयएस ७१० च्या मरीन प्लायने भरा, दोन्हीकडून फायबर चढवा. हे सोपं आहे.

फाउंडेशन आणि शाफ्ट

जेटच्या होडीत इंजिनाखालचे आडवे-उभे आधार आखूड आणि मागेच असतात. आता पंख्याचा सगळा रेटा नव्या जागी येणार, तेव्हा दोन उभे आधार मागच्या फळीपासून होडीच्या पाऊण लांबीपर्यंत न्या. मी साग वापरला, चारही बाजूंनी फायबरमध्ये बंद केला, आणि वर इंजिनाच्या पायांसाठी पोलादी अँगल बोल्ट केला. सागात मारलेलं प्रत्येक भोक इपॉक्सीने भरून पुन्हा मारा, नाहीतर तिथून पाणी शिरून लाकूड आतून कुजतं.

शाफ्टची रेषा दोरीने घ्या. कपलिंगच्या मध्याच्या जागी आत एक फळी, पंख्याच्या जागी बाहेर एक फळी, दोन्हीला खिळा, मध्ये तळाला छोटं भोक पाडून पियानोची तार ताणायची. तार सैल पडली की मध्यात झोळ येतो, म्हणून ती सूर वाजेल एवढी ताणा. तार जिथून जाते ती खरी शाफ्टची रेषा. तिच्याभोवती भोक मोठं करत जा. ट्यूबपेक्षा, म्हणजे शाफ्ट ज्या नळीतून तळाबाहेर जातो तिच्यापेक्षा, सेंटिमीटरभर मोठं भोक ठेवा. ट्यूब आणि बाहेर शाफ्टला धरणारा ब्रॅकेट तारेवर टांगून मध्यावर आणा आणि मग भोवतीची फट इपॉक्सीच्या घट्ट लगद्याने भरा. असं केलं की भोक मारताना झालेली चूक शाफ्टपर्यंत पोचत नाही.

माझा शाफ्ट ३२ मिलिमीटरचा, ३१६ स्टेनलेसचा. दोन बेअरिंगांमधलं अंतर व्यासाच्या चाळीसपटीपेक्षा जास्त होऊ देऊ नका, म्हणजे इथे साधारण १ मीटर २८. म्हणून एक बेअरिंग ट्यूबमध्ये आणि एक पंख्याजवळच्या ब्रॅकेटमध्ये. दोन्ही पाण्यावर चालणारी रबरी बेअरिंग, लांबी व्यासाच्या चौपट. त्यांना पाणी हवंच, कोरड्यात इंजिन गिअरमध्ये टाकून बघायची हौस करू नका. पंखा ब्रॅकेटच्या अगदी जवळ ठेवा, शाफ्टच्या जाडीपेक्षा जास्त फट नको.

ग्लँडमध्ये, म्हणजे ट्यूबच्या आतल्या तोंडाशी पाणी अडवणाऱ्या डबीत, दोरीचे तीन-चार वेढे, प्रत्येक वेढा वेगळा कापलेला, आणि सांधे एकाखाली एक न येता फिरवलेले. होडी चालताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडलेच पाहिजेत. थेंब बंद केलात तर दोरी जळते आणि शाफ्टला खाच पडते. उभ्या होडीत थेंब पडू नये.

पंख्याचा हिशेब

इंजिन पूर्ण भाराला मिनिटाला ३००० फेऱ्या, गिअर दीडला एक, म्हणजे शाफ्टला २०००. पंख्याचा पिच (पाण्यात न घसरता तो एका फेरीत जेवढा पुढे जाईल ते अंतर) इंचात घ्या, शाफ्टच्या फेऱ्यांनी गुणा, १२१५ ने भागा, की घसरण न धरता नॉटमधला वेग मिळतो. १३ पिचला हा आकडा २१.४ येतो. अशा होडीत सुमारे ३० टक्के घसरण धरा, म्हणजे खरे १५ नॉट. ५० हॉर्सपॉवर शाफ्टवर आणि २००० फेऱ्या यांना व्यास साधारण १४ इंच लागतो. म्हणून १४ बाय १३, तीन पाती, गनमेटल. दोनला एक गिअर घेतला असता तर १७ बाय १७ चा पंखा लागला असता. तो जास्त कार्यक्षम, पण या उथळ तळाखाली मावला नसता.

पंखा उजवा की डावा हे कागदावर ठरवू नका. बहुतेक गाड्यांची इंजिनं फ्लायव्हीलच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतात, आणि काही गिअरबॉक्स पुढच्या गिअरला दिशा उलटवतात, काही नाही. गिअरबॉक्स लावून इंजिन क्षणभर फिरवा, मागे उभे राहून कपलिंग बघा, मग पंखा मागवा.

सुकाणू पंख्याच्या मागे, पण शाफ्टच्या रेषेपासून किंचित बाजूला. ते नेमकं मध्यात बसवलं तर उद्या शाफ्ट बाहेर काढायला सुकाणू खोलावं लागेल. पात्याचा सहावा-सातवा हिस्सा दांड्याच्या पुढे ठेवा, म्हणजे सुकाणूचं चक्र हलकं फिरतं. दोन्हीकडे ३५ अंशांवर पक्का थांबा. पंख्यापुढे मधोमध चार बोटं उंचीचा एक छोटा कणा घाला. त्यावाचून हा सपाट तळ वळणावर साबणासारखा घसरतो.

पाणी आणि धूर

जेटमध्ये इंजिनाला थंड पाणी पंपाच्याच दाबातून मिळत होतं. ते आता गेलं. तळाला एक इंची गनमेटलचा वॉल्व्ह, त्यावर गाळणी, मग रबरी इम्पेलरचा पंप पट्ट्यावर. हे खारं पाणी ब्लॉकमध्ये सोडू नका. गाडीचं इंजिन गोड्या पाण्यासाठी बनलेलं असतं, आणि खारं पाणी ६० अंशांपलीकडे तापलं की क्षार साचायला लागतात. ब्लॉकमध्ये कूलंट फिरू द्या, ते हीट एक्स्चेंजरमध्ये खाऱ्या पाण्याने थंड करा, आणि तेच खारं पाणी शेवटी धुरात सोडा. रेडिएटरच्या जागी एक्स्चेंजर आला, थर्मोस्टॅट गाडीचाच राहिला.

धुरात पाणी सोडायची जागा पाण्याच्या रेषेपासून किमान १५ सेंटिमीटर वर हवी, आणि तिथून नळी सतत उतरती. ही उंची मिळत नसेल तर पाण्याच्या नळीला वर कमान देऊन हवेचा वॉल्व्ह लावा. नाहीतर इंजिन बंद केल्यावर पाणी सायफनने सिलिंडरमध्ये जातं आणि सकाळी स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. माझ्या ओळखीच्या एका होडीत हे घडलं आहे. पाणी मिसळण्याआधीचा एक्झॉस्ट लालबुंद तापतो. त्यावर ग्लासवूलचं जाड आवरण, आणि जवळ ना तेलाची नळी ना वायर.

बाकीच्या धातूंऐवजी स्वतः गंजून त्यांना वाचवणारे जस्ताचे तुकडे (अॅनोड) तळाला, आणि शाफ्ट, ब्रॅकेट, सुकाणू, वॉल्व्ह एका तांब्याच्या तारेने जोडलेले. जस्त अर्धं खाल्लं गेलं की बदला.

पाण्यात

कपलिंगची रेषा जमिनीवर कधीच शेवटची मानू नका. होडी पाण्यात गेली की फायबर वाकतं, बसतं. एक दिवस पाण्यात राहू द्या, टाक्या भरा, मग कपलिंगचे बोल्ट काढून दोन्ही तोंडं हाताने एकमेकांना टेकवा. फिलर गेज वर, खाली, डावीकडे, उजवीकडे घाला. १०० मिलिमीटरच्या कपलिंगला वरच्या आणि खालच्या फटीत ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. शाफ्ट पाव फेरी फिरवून पुन्हा मोजा. या कामाला मला पूर्ण एक दुपार लागली, आणि ती घाई न करता दिली म्हणून आज चालत्या होडीत पाण्याचा पेला इंजिनाच्या झाकणावर ठेवता येतो.

पहिल्या फेरीला भरतीची वेळ धरा आणि एक दुसरी होडी सोबत ठेवा. अर्धा तास मंद चाला. धुराबरोबर पाणी येतंय का, ग्लँड हाताला गरम लागतोय का, तळात पाणी किती, हे बघत राहा. मग पूर्ण भार घेऊन, म्हणजे नेहमीची माणसं आणि भरलेली टाकी, पूर्ण थ्रॉटल द्या. इंजिन ३००० ला पोचलं तर पंखा बरोबर. २८०० लाच अडलं आणि काळा धूर आला तर पिच एक इंच कमी करा, फेऱ्या दीडशे-दोनशेने वाढतात. ३२०० च्या वर पळालं तर पिच वाढवा. माझं पहिल्यांदा २८५० वर अडलं. पंखा १२ पिचचा करून आणला तेव्हा ३०२० मिळाले आणि वेग साडेचौदा नॉट. चालकाच्या मनगटाला बांधायची बंद करण्याची दोरी पहिल्या दिवसापासून लावा, आणि ती ओढून इंजिन खरोखर बंद होतं का हे प्रत्येक हंगामात तपासा.

२० तास चालल्यावर कपलिंग पुन्हा सोडा. रबरी पाय तोवर दबलेले असतात. माझ्या होडीत ०.१ चा फरक ०.३ झाला होता. मागच्या डाव्या पायाखाली एक पातळ पत्री घातली आणि तो परत ०.१ वर आणला.